न सुटणारी मूठ

उशिरा झालेल्या माझ्या मुलीला न्हाऊ घालायला एक बाई असोद्याहून पहिल्या बसने जळगावला यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. पाटावर पाय पसरून त्या बाळाला पायांवर घेत आणि पाणी घालण्याआधी दोन्ही इवल्या तळहातांत आपलं बोट देऊन बघत. मला तो लाड वाटायचा.

पाचव्या महिन्यात मुलगी खुळखुळा उजव्याच हाताने धरू लागली. "बघा, आत्तापासून उजव्या हातानं घेते," असं मी पाहुण्यांना कौतुकाने सांगत होतो. बाईंनी ते ऐकलं.

"भाऊ, डावी मूठ सुटत नाही पोरीची. या वयात दोन्ही हात चालले पाहिजे. डाक्टरले दाखवा."

"तुम्ही अंघोळ घाला, डॉक्टरकी नको," मी म्हणालो आणि त्यांना यायचं बंद करायला सांगितलं. बायकोला सांगितलं, त्यांनीच काम सोडलं.

चार महिन्यांनीही मूठ मिटलेलीच राहिली, म्हणून मुलीला धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं; त्यांनीही तेच सांगितलं. आधी आणायला हवं होतं, म्हणाले.

मी असोद्याला गेलो. न्हाऊ घालणाऱ्या बाई म्हटल्यावर बसस्टँडवरच घर कळलं. मी माफीचे शब्द जुळवत होतो, तर त्यांनीच विचारलं, "मूठ सुटते का आता?"

"थोडी."

त्यांनी माझाच हात ओढून अंगठ्याच्या मुळाशी कसं हलकं चोळायचं ते दाखवलं. आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

संध्याकाळी मी मुलीचा हात तसाच चोळत बसलो.

"हे कुठं शिकलात?" बायकोने विचारलं.

तेव्हा मी सगळं सांगितलं.