मंगळवारची भाकर

मी लहानपणापासून गणितात हुशार आणि तोंडानं फटकळ. या दोन गोष्टी एकाच पोरीच्या अंगात नसाव्यात, असं मला आता वाटतं. हुशार माणसाला आपली चूक असेल असं वाटतच नाही, आणि फटकळ माणसाला ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायला वेळ लागत नाही.

हुमनाबादला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. आम्ही पाचजण. अप्पा, माय, मी, माझ्या पाठचा भाऊ आणि धाकटी बहीण. अप्पा कापसाच्या जिनिंगात फिटर होते. मी नववीत असताना मशिनच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात सापडला आणि तीन बोटं गेली. मालकानं कामावरून काढलं नाही, गेटवर राखणदार म्हणून बसवलं. पगार मात्र निम्म्याच्या खाली आला. लोक म्हणायचे, नशीब, नोकरी तरी राहिली. नशीब कसलं डोंबलाचं!

अप्पा खर्चिक होते, पण त्यांचा खर्च वेगळा होता. दारू नाही, पत्ते नाहीत. त्यांना कपडे पांढरेशुभ्र लागायचे, तेही लाँड्रीतनं इस्त्री करून आणलेले. सोलापूरहून बसमधून येणारा मराठी पेपर लागायचा. आणि दारात आलेला माणूस चहाशिवाय परत गेलेला त्यांना चालायचा नाही. आमच्या आज्यानं गावात येसकरकी, वेशीची राखण केलेली, दारोदार फिरून शिळ्या भाकरी मागून आणलेल्या. पोरपणी अप्पाही टोपलं घेऊन त्याच्या मागं गेलेले. दीक्षा घेतल्यावर त्यांनी ठरवलं, आता आपण कुणाच्या दारात हात पसरायचा नाही, आपल्या दारात आलेल्याला मात्र रिकामं पाठवायचं नाही. आमच्या गल्लीतल्या पत्र्याच्या विहारात ते दर पौर्णिमेला वंदना म्हणायचे आणि त्यानंतर सात-आठजण हटकून आमच्याकडं जेवायला असायचे. बोटं गेली तरी हे काही सुटलं नाही. उलट वाढलं. हात थोटा झाला म्हणून मन थोटं झालं असं कुणी म्हणू नये, म्हणून असेल.

दोन महिन्यांतच ओढाताण सुरू झाली. विसाव्या तारखेलाच ज्वारीचं पोतं तळाला जायचं. माय शेजारून पीठ आणायची आणि आपल्याकडं आलं की आधी ते फेडायची.

नेमकं त्याच वेळी शाळेत आम्हाला कुटुंबाचं अंदाजपत्रक शिकवलं. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. बाई म्हणाल्या, ज्या घरात अंदाजपत्रक असतं त्या घरात भांडण नसतं. मला तर हर्षवायूच झाला. घरी येऊन मी अप्पांना म्हणाले, "मी करते आपल्या घराचं. पोतं महिनाभर पुरवून दाखवते." अप्पा किती दिवसांनी हसले. म्हणाले, "कर की. आमची पोरगी म्हंजे वजीर हाय."

मग मी वजीरकी केली. जमेच्या बाजूला अप्पांचा पगार आणि मायची खुरपणीची मजुरी लिहिली. खर्चातला लाँड्रीचा आकडा खोडला, धुणं घरी आणि इस्त्री तांब्यात निखारे घालून. चहा दिवसातून दोनदाच, आणि पाहुण्यांचा चहा बिनदुधाचा. पेपर काढायला गेले तर अप्पांचा चेहरा असा उतरला की तो राहू दिला. राहता राहिली ज्वारी. आठ दिवस मी जेवताना कोण किती भाकरी खातं ते बघितलं. अप्पा दिवसाला सहा, भाऊ चार, मी चार, धाकटी तीन. झाल्या सतरा. त्याला रोज मापाचे तीन डबे पीठ पुरत होतं. तीन डब्यांच्या वर पिठाला हात लावायचा नाही, असं मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मायला वाचता येत नव्हतं. ती चुलीपुढं बसली होती, मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं एकेक आकडा नीट ऐकला. शेवटी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "पौर्णिमेच्या पाव्हण्यांचं?"

"ते तू बघ तुझ्या परीनं," मी म्हणाले. वजिराला एवढ्या बारीक गोष्टींना कुठला वेळ!

"बरं हाय," माय म्हणाली. "तीन डबे."

पहिल्या महिन्यात शेवटच्या तारखेला पोत्यात दोन ओंजळी ज्वारी उरली. अप्पांनी ती ओंजळीत धरून भावाला दाखवली. मी गल्लीभर मिरवले.

दुसऱ्या महिन्यात एका मंगळवारी मी लवकर शाळेतनं आले. मंगळवार हुमनाबादचा बाजार, त्या दिवशी रानातली कामं बंद, म्हणून माय घरी होती. आमची जेवणं झाली आणि ती भांडी घासायला बसली. मी म्हणाले, "माय, तू कामून जेवंनास?"

"दात दुखायलाय."

पुढच्या मंगळवारी तेच. मी म्हणाले, "अजून दुखायलाय?" तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. राखेनं तवा घासत म्हणाली, "आज मंगळवार हाय की गं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या जुन्या लोकांत मंगळवार हा देवीचा उपास. दीक्षेच्या दिवशी अप्पांनी घरातले देवांचे टाक नदीत सोडले होते आणि उपासतापास बंद केले होते. आणि त्याच अप्पांची बायको चोरून देवीचा मंगळवार धरते! मी तिला नको नको ते बोलले. "तुला लाज वाटंना का? दगडापायी उपाशी मरायलीस. आम्ही शाळेत काय तोंड दाखवायचं?" ती तवा घासत राहिली. मला वाटलं, चोरी सापडली म्हणून बोलती बंद झाली.

धाकटीच्या पोटात काही राहायचं नाही. तिनं शेजारच्या मावशीला सांगितलं. ही मावशी म्हणजे गल्लीचा रेडिओ. दोन दिवसांत विहारापर्यंत बातमी गेली की वंदना म्हणणाऱ्याच्या घरात देवी परत आली.

अप्पा संध्याकाळी कामावरनं आले ते तसेच स्वैपाकघराच्या दारात उभे राहिले. मायवर त्यांनी कधी हात उगारला नाही, त्या दिवशीही नाही. पण त्यांचा आवाज ऐकून भाऊ रडायला लागला.

"खरं हाय का?"

मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अगं, व्हय तरी म्हण, न्हाई तरी म्हण!"

"व्हय," माय म्हणाली. "चुकलं माझं."

"माझा बाप भाकरी मागून जगला. आता कुठं ताठ मानेनं बसायलोय चार माणसांत, तर तू ती मान खाली घालायलीस." मग त्यांनी सांगून टाकलं. येत्या पौर्णिमेला विहारात सगळ्यांपुढं उभं राहायचं, चूक कबूल करायची आणि दीक्षेच्या प्रतिज्ञा पुन्हा म्हणायच्या. नसेल जमत तर ठाणाकुशनूरला भावाकडं निघून जायचं. परत यायचं नाही.

मामाच्या घरी त्याचीच सात पोरं. तिथं जाऊन मायनं काय करायचं होतं? पण खोटं कशाला सांगू, मी अप्पांच्याच बाजूनं होते. पौर्णिमेच्या सकाळी तिची पांढरी साडी मीच धुतली आणि निखाऱ्याच्या तांब्यानं इस्त्री केली.

विहार भरलं होतं. वंदना झाली आणि अप्पांनी मान हलवली. माय बायकांतून उठून उभी राहिली. रानात दिवसभर बोलणारी, गाणी म्हणणारी बाई, पण तिचा आवाज कसा तो फुटेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मी देवीचा मंगळवार धरला. माझी चूक झाली. आता धरणार न्हाई." मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं." तिनं तेच पुन्हा मोठ्यानं म्हटलं. मग अप्पा एकेक प्रतिज्ञा सांगत गेले आणि ती त्यांच्या मागं म्हणत गेली. शेजारची मावशी डोळ्याला पदर लावून बसली होती. मी ताठ बसले होते.

त्या दिवशीही सातजण जेवायला आले. मायनं सगळ्यांना वाढलं.

चार दिवसांनी मायला ताप भरला. रानात चक्कर येऊन पडली, बायकांनी धरून आणली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, म्हणाला, अंगात रक्त नाही, खायला घाला. घरचा स्वैपाक माझ्यावर आला. तोवर मी कधीमधी भाकरी थापल्या होत्या, पण सगळ्या घराचा स्वैपाक कधी केला नव्हता. वहीत लिहिल्याप्रमाणं पीठ मोजून घेतलं आणि संध्याकाळच्या भाकरी केल्या. अप्पांना तीन वाढल्या, भावाला दोन, धाकटीला दीड. टोपल्यात माझ्या दोन उरल्या. त्या ताटात घेतल्या आणि मायला वाढायला म्हणून टोपल्यात हात घातला.

टोपलं रिकामं होतं.

मला आधी वाटलं, धाकटीनं एखादी उचलली. मग वाटलं, पीठ कमी मोजलं. डबा उघडून बघितला, पीठ बरोबर होतं. हात धुऊन वही काढली. अप्पा, भाऊ, मी, धाकटी. सतरा. मी बोटं मोजल्यासारखी माणसं मोजली. आठ दिवस मी ताटावर बसलेली माणसं बघितली होती आणि माय आमच्याबरोबर कधी ताटावर बसलीच नव्हती. ती मागून जेवायची, चुलीपाशी, आम्ही उठून गेल्यावर. तिची मजुरी मी जमेला धरली होती. तिचं पोट खर्चात धरलं नव्हतं.

मागनं कळलं, इतर दिवशी रानात बायका भाकरी सोडायच्या, तिला घास घास द्यायच्या. त्यावर ती दिवस काढत होती. मंगळवारी रान बंद, घास बंद.

मी माझ्या दोन्ही भाकरी घेऊन तिच्या अंथरुणाजवळ गेले. रडत रडतच विचारलं, "माय, तू सांगितलं कामून न्हाईस?"

तिनं आधी दाराकडं बघितलं. अप्पा बाहेर पेपर वाचत होते. "हळू बोल," ती म्हणाली. "तू किती खुशीत वाचून दाखवायली व्हतीस. अन् मला वाटलं, भागंल."

"मग अप्पांना तरी सांगायचं! विहारात कामून उभी राहिलीस? काहीच केलं नव्हतंस तू."

"काय सांगू? तुमच्या पगारात मला भाकर पुरंना, असं? बोटं गेल्यापासून तो माणूस झोपेत दचकतोय. भाकरीचं नाव काढलं तर मरंल तो." मग तिनं माझं मनगट धरलं. हात तव्यासारखा तापला होता. "देवी धरली म्हणून लोक चार दिवस बोलतील, सोडून देतील. त्याची बायको उपाशी हाय म्हणून बोलले, तर जन्मभर बोलतील. माझी शपत हाय तुला. सांगू नको."

मी शपथ पाळली. खरं सांगायचं तर शपथेपेक्षा मला माझी लाज जास्त होती. वजीर म्हणून घेतलेली पोरगी मी. पुढच्या महिन्याच्या वहीत मी पहिलं नाव मायचं लिहिलं, रोज चार भाकरी, आणि पेपर बंद केला. अप्पा आठ दिवस माझ्यावर धुसफुसत होते. म्हणाले, पोटापलीकडं काही दिसतच नाही तुला.

माय त्या तापातनं उठली, पण आधीसारखी झाली नाही. तिला चार भाकरी वाढल्या की दोनच खायची, सवय गेली म्हणायची. मी शिकले, भालकीकडं शाळेत मास्तरीण झाले, घरात ज्वारीची ददात राहिली नाही. तरी ती आमच्याबरोबर ताटावर कधी बसली नाही. बसवलं की काहीतरी निमित्त काढून उठायची.

ती गेली तेव्हा अप्पा पार थकले होते. विहार आता सिमेंटचं झालं होतं. शोकसभेत गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "बाई मोठ्या मनाची. एकदा पाऊल घसरलं, देवीच्या नादी लागली, पण भर सभेत उभं राहून चूक कबूल केली. अशी हिंमत आपल्यात किती जणांची हाय?" अप्पांनी थोटा हात डोळ्यांना लावला आणि मान हलवली. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मुलगी शिकलेली, शिक्षिका, दोन शब्द बोलणारच.

मी उभी राहिले. शपथ घालणारी आता नव्हती. अप्पा समोर बसले होते, आणि तिनं इतकी वर्षं झाकलेलं मी उघडं केलं असतं तर ते तिथंच मोडले असते. की हेही मी स्वतःला सांगत आले? "माय चांगली होती," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. माझ्या फटकळ तोंडानं आयुष्यात एकदाच बोलायचं होतं, तेव्हा ते मिटलं.

घरी आल्यावर भावजय चुलीकडून हात पुसत आली. तिला पीठ मळायचं होतं. "अक्का, किती माणसं जेवायला?"

मी ओसरीवरची माणसं मोजून आकडा सांगितला. ती वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. "त्यात तुमाला धरलंत का?"

मी धरलं नव्हतं. पण मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले ते त्यासाठी नाही. मी वही वाचून दाखवली तेव्हा नववीत होते, तोंडी हिशोबात वर्गात पहिली. यात तुला धरलंय का, एवढंच विचारायचं होतं. चुलीपुढं बसलेल्या बाईला एवढंच एकदा विचारायचं होतं.