तीन कांड्यांचा रियाज

गैबीसाबच्या घरात बोलणं दखनीत चालायचं आणि भांडण मराठीत. त्याला कारण होतं. पलीकडच्या खोलीतली सारजाबाई सदा भिंतीला कान लावून असायची, आणि साक्षीदार नसेल तर ते भांडण कसलं, असं गैबीसाबच्या बायकोचं, रशीदाचं, ठाम मत होतं. त्यामुळे त्या आश्विनातल्या संध्याकाळी रशीदा जे बोलली ते सगळ्या चाळीला शब्दन् शब्द कळलं.

“सूत तुटलं तर मी अख्खी लड पहिल्यापास्नं उलगडत बसती का? जितं तुटलं तितंच गाठ मारती आन् म्होरं जाती. तुमी मात्र रोज पहिल्यापास्नं सुरू करता, आन् रोज तितंच पडता!”

साल तेहेतीस-चौतीसचं असेल. गैबीसाब दिवसा गिरणीत साचे, म्हणजे विणायचे माग, चालवायचा आणि लग्नसराईत शिवप्पा मास्तरांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. तेही मागच्या फळीत. पुढच्याने चाल उचलायची, याने मागून ओढायची. अकरा वर्षं हेच चाललं होतं. पण त्या पावसाळ्यात पुढच्या म्हाताऱ्याचे समोरचे दोन दात पडले. दाताशिवाय क्लॅरिनेट म्हणजे दाताशिवाय चणे. पुढची जागा रिकामी झाली, आणि तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर वाजवून घेऊन माणूस ठरवीन, असं मास्तरांनी जाहीर केलं. कुर्डुवाडीहून हुसेनसाब येणार होता. रेल्वेच्या कारखान्यात कामाला असलेला हा गडी भारी वाजवतो अशी त्याची ख्याती सोलापुरापर्यंत पोचली होती.

गैबीसाबला ती जागा हवी होती. तो तसं बोलून दाखवत नसे, पण रशीदाला ते कळायला बोलण्याची गरज नव्हती. गिरणीचा सांजचा भोंगा झाला की तो घरी येई, चहाचा घोट घेई आणि मास्तरांनी बसवलेली वरातीची लांबलचक चाल पहिल्यापासून वाजवायला लागे. सुरुवात झकास. मध्ये एक तान होती, खालून झपाझप वर चढणारी. तिथे बोटं अडखळत. मग “हत् तेरी” म्हणून पुन्हा पहिल्यापासून. दोन दोन तास. सुरुवात इतकी घासून झाली की सारजाबाईची कोंबडीसुद्धा ती ओळखायची, आणि तान होती तिथेच. नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायाने गैबीसाब कधी क्लॅरिनेटच्या पत्तीला दोष द्यायचा, कधी गिरणीतल्या कापसाच्या धुळीला.

रशीदा हे सगळं रहाटापाशी बसून ऐकायची. ती हातमागवाल्यांच्या कांड्या भरून द्यायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी बोटभर नळी. लडीचं सूत रहाटाने त्या नळीवर गुंडाळायचं, की झाली कांडी. एका हाताने चाक, दुसऱ्या हाताच्या चिमटीत सूत. लहानपणापासून तिने हेच केलं होतं, आणि या कामात तिचा हात धरणारी बाई त्या गल्लीत नव्हती. हे माझं म्हणणं नाही, मागवाल्यांचं. त्यातल्या एकानेही ते तिच्या तोंडावर कधी सांगितलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

भांडणानंतर गैबीसाबने क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. त्याला राग यायला हवा होता, पण सुताची गोष्ट त्याला पटली होती, आणि पटलेल्या गोष्टीवर रागावणं जड जातं.

“मग कसं म्हणतीस?” शेवटी त्याने विचारलं.

“मी कांडी लावती. ती भरंस्तवर तेवढा एकच तुकडा वाजवायचा, जितं तुटतंय तेवढाच. सावकाश. कांडी भरली की थांबायचं.”

घरात घड्याळ नव्हतं. असतं तरी तिने ते मानलं नसतं. तिचं गणित सरळ होतं: पहिल्या दोन कांड्या त्या अवघड तुकड्याच्या. तिसरीत तोच तुकडा मागच्या-पुढच्याला जोडून घ्यायचा. चौथी कांडी विश्रांतीची. क्लॅरिनेट खाली, तोंडाला पाणी, गप्पा नाहीत. मग पुन्हा तीन. चुलीवर भात ठेवून ती रहाटापाशी बसे, आणि तिसरी कांडी उतरली की भात शिजलेला असे.

पहिल्या आठवड्यात गैबीसाब फार कुरकुरला. कांडी भरली की रशीदा हात वर करी, मग तान अर्ध्यावर असो की कुठेही.

“आत्ता कुटं जमाय लागलं, आन् तू थांब म्हणतीस!”

“जमाय लागलं म्हणूनच थांबा. उद्या तितनंच धरा.”

आणि खरोखर, दुसऱ्या दिवशी ती तान तिथूनच हाताला लागे. पंधरा दिवसांत अडखळणं गेलं. मग रशीदाने दुसरी जागा हेरली, मग तिसरी. स्वरांची नावं तिला ठाऊक नव्हती, पण कुठे गाठ आहे ते कान सांगायचा. “त्यो वळणावरचा भाग लई ढिला हाय,” असं ती रहाट फिरवता फिरवता सांगे, आणि गैबीसाब निमूटपणे तो भाग धरी. अकरा वर्षं मास्तरांच्या शिव्या खाऊन जे झालं नव्हतं ते होताना दिसत होतं, आणि रशीदाला मनातून असा आनंद व्हायचा की चाकाचा वेग वाढायचा. तो तिला मुद्दाम कमी करावा लागे.

पण देवाला माणसाचं सरळ चाललेलं बघवत नाही. दिवाळी झाली आणि भात करपू लागला.

पहिल्या दिवशी तिने लाकडांना नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी तांदळाला. तिसऱ्या दिवशी तिसरी कांडी संपत आली असताना गैबीसाबने क्लॅरिनेट तोंडातून काढलं, आणि त्याच्या फुंकायच्या टोकाशी रक्त होतं. खालचा ओठ आतून दातांनी कापला गेला होता.

रशीदाने करपलेल्या भाताकडे पाहिलं, ओठाकडे पाहिलं, आणि मग हातातल्या सुताकडे. दोन दिवसांपूर्वी मागवाल्याने जाड वीस नंबरचं सूत बंद करून बारीक चाळीस नंबरचं दिलं होतं, लुगड्याच्या कामासाठी. सूत निम्म्याने बारीक, म्हणजे तीच कांडी भरायला दुप्पट वेळ. तीन कांड्या होत्या तीनच, पण हा बिचारा तीन दिवस दुप्पट फुंकत होता! एका कांडीत किती रियाज होतोय म्हणून ती उलट खूश होती. जन्म सुतात गेलेल्या बाईला सूत बदलल्याचं भान राहू नये! परीक्षेला पाच दिवस उरले होते.

“गलती मेरी है,” ती म्हणाली. हे मात्र तिने दखनीत सांगितलं, हळू आवाजात, सारजाबाईला ऐकू जाऊ नये म्हणून.

गैबीसाबने तिला पदराच्या टोकाने ओठ टिपू दिला. “मला तरी कुटं कळलं? वाजवताना वेळच कळत न्हाय आता,” तो म्हणाला, आणि जखमी ओठानेच हसला.

पाच दिवस फुंकायचं नाही. मग करायचं काय? रशीदाने रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या संध्याकाळी बारीक सुताची दीडच कांडी पुरे असं नवं माप ठरवून ती रहाटापाशी बसली. “बोटं चालवा. फुंकू नका. चाल मी म्हणती.” आणि ती गुणगुणायला लागली. सगळी चाल तिला पाठ होती, त्याच्यापेक्षा जास्त. ती म्हणायची, तो नुसती बोटं चालवायचा. ती मध्येच थांबायची आणि भलतीकडूनच उचलायची. त्याने तिथेच धरायचं. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून सारजाबाई म्हणाली, “अगं, इतका गोड गळा, आन् इतकी वर्सं भांडणात घातलास व्हय!”

परीक्षेच्या दिवशी मास्तरांच्या बँडच्या दुकानासमोर ही गर्दी. बायका समोरच्या ओट्यावर. रशीदा सारजाबाईच्या आडोशाला उभी होती, डोक्यावरचा पदर पुढे ओढून.

हुसेनसाब आधी वाजवायला उभा राहिला. काय वाजवलं त्याने! सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठे कुसळ नाही. लोकांनी टाळ्या दिल्या. रशीदाला कबूल करावं लागलं की माणूस नावाप्रमाणे आहे.

मग गैबीसाब. ती चढती तान त्याने अशी घेतली की मागच्या फळीतले सोबती एकमेकांकडे बघायला लागले. पण शेवट जवळ आला आणि ओठाने दगा दिला. क्लॅरिनेट चीत्कारलं. गर्दीतून “अरेरे” उठलं. रशीदाने डोळे मिटून घेतले. पण मिटलेल्या डोळ्यांनीच तिने ऐकलं की तो थांबला नाही, मागे गेला नाही. जिथे सूर सुटला तिथेच त्याने उचलला आणि चाल पुरी केली.

शिवप्पा मास्तर कानडी मुलखातला, तोंडाने तिखट माणूस. ते उठले. “मांडवात बसून कुणीबी वाजवंल. वरातीत घोडं बुजतं, गॅसबत्ती विझती, नवऱ्याचा मामा रुसतो. वाजवणं थांबतं. मग उचलायचं कुटनं? परत पहिल्यापास्नं? मी हात वर केला की थांबा, खाली केला की तितनंच धरा.”

हुसेनसाबला त्यांनी तीनदा थांबवलं. तीनही वेळा तो गोंधळला, दोन सूर चाचपले आणि शेवटी पहिल्यापासून सुरू केलं. त्यात त्याचा दोष नव्हता; त्याने चाल नेहमी अखंडच वाजवली होती.

गैबीसाबला मास्तरांनी सात वेळा थांबवलं. तानेच्या मध्यावर, वळणावर, एकदा तर सुराच्या अर्ध्यात. सातही वेळा त्यांचा हात खाली यायचा अवकाश, चाल तिथूनच पुढे चालायला लागे. सातव्या वेळी मास्तर स्वतःच हसले.

“म्होरं उभा ऱ्हा आता,” ते म्हणाले. “आन् खरं सांग, हे म्या तुला शिकवलं न्हाय. उस्ताद कोण धरलास?”

गैबीसाब म्हणाला, “माज्या घरची. कांड्या भरती ती. कांडीच्या मापानं शिकवलं.”

गर्दीत हशा पिकला. गैबीसाब हसला नाही. तो ओट्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याच्याबरोबर सगळी गल्ली ओट्याकडे बघायला लागली. मास्तरांनी हात वर केला तसा हशा थांबला.

“अक्का,” मास्तर ओट्याकडे चार पावलं चालत आले, “तुमचं नाव काय?”

लग्न होऊन आल्यापासून चौदा वर्षांत त्या गल्लीत तिला कुणी नाव विचारलं नव्हतं. नवऱ्याने चारचौघांत ते घ्यायचं नाही, आणि बाकीच्यांना ते लागत नव्हतं. सारजाबाई तिच्या वतीने सांगायला तोंड उघडणार, तोच रशीदा तिला बाजूला सारून पुढे झाली.

“रशीदा,” ती म्हणाली. तेवढ्यावर तिचं भागेना, म्हणून पार मागच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने पुन्हा सांगितलं, “रशीदा कांडीवाली.”