डावीकडून तिसरा पाइप

चमत्कार सांगणाऱ्यांशी भांडण्यात माझं बालपण गेलं. बाबा नागपुरात बुवाबाजीविरोधी पत्रकं छापायचे, मी ती शाळेबाहेर वाटायचो. पत्रकात डाव्या बाजूला चमत्कार, उजव्या बाजूला तो कसा करतात ते. त्यामुळे हे लिहिताना भीती वगैरे काही नाही, फक्त चिडचिड होतेय... आणि ती कोणावर काढावी तेही कळत नाही.

इथे अमेरिकेत आमच्या मराठी मंडळाने नोव्हाय गावापासून अर्ध्या तासावरचं एक जुनं चॅपल हॉलसाठी घेतलं. आत भिंतभर पाइप ऑर्गन. रिनोव्हेशनमध्ये तो भंगारात टाकायचं कमिटीने जवळजवळ ठरवलंच होतं. मी भांडलो. तिथे चाळीस वर्षं तो वाजवणारी मार्गरेट आता ऐंशीची आहे, आणि ती हल्ली राहते त्या गावातलं छोटं चर्च ऑर्गन न्यायला तयार होतं. ती मला एवढंच म्हणाली होती, “बोटं अजून चालतायत. लवकर कर.” मी शब्द दिला. तीन मीटिंगांनंतर एक शनिवार मिळाला. दुपारी त्यांचा ट्रक येणार होता.

सकाळी मी तळघरात जाऊन ऑर्गनमध्ये हवा भरणाऱ्या ब्लोअरचा ब्रेकर पाडला, वायर सोडवली, टोकांना टेप लावली. हे सगळं मी स्वतः केलं.

साडेअकराच्या सुमारास आम्ही सहा-सात जण पाइप गुंडाळायला ब्लँकेट्स पसरत होतो. आणि सूर लागला. एकच, खालचा, सलग. आमचे अध्यक्ष कुलकर्णी काका पेटी वाजवतात, ते हातातलं ब्लँकेट तसंच धरून म्हणाले, “काळी एक.”

पुढच्या रांगेतला, डावीकडून तिसरा पाइप. मी हात लावला, थरथरत होता. त्याच्या फटीवर तळवा ठेवला तर आवाज दबला, आणि हाताला गार वारा लागला. तसाच पळत तळघरात गेलो. वायर सुटलेली, टेप जागच्या जागी. वर सूर चालूच होता. मी परत आलो तेव्हा थांबला.

कुलकर्णी काकूंच्या पर्समध्ये कुंकवाची डबी असतेच. माझ्यादेखत त्या पाइपाला हळदकुंकू लागलं. चर्चच्या ऑर्गनला! कोणीतरी दुकानातून नारळही आणला. कालपर्यंत ज्याला भंगार म्हणत होते, तो अर्ध्या तासात जागृत झाला.

“त्याला जायचं नाहीये,” काका म्हणाले.

मी म्हटलं, काका, बाई वाट बघतेय. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “तू तर काही मानत नाहीस. मग तूच सांग. हवा चालू होती का? चालू होती म्हण, ट्रक आला की लगेच चढवू.”

सगळे माझ्याकडे बघत होते. ‘मीच टेस्ट करत होतो’ — एवढं वाक्य पुरलं असतं. माझ्यावर कोणी शंका घेतली नसती. पण खोटं बोलून लोकांना पटवायचं हे तर बुवांचं काम... ज्यांच्याविरुद्ध मी पत्रकं वाटली.

“बंद होती,” मी म्हणालो.

ट्रक रिकामा परत गेला.

संध्याकाळी मार्गरेटला फोन केला. झालं ते सगळं ऐकवलं. तिने विचारलं, कुठला पाइप? मी सांगितलं. ती म्हणाली, “तो तर शोभेचा आहे. कधीच वाजला नाही. उचलून बघ.”

दुसऱ्या दिवशी जाऊन उचलला. बूड बंद. खालच्या लाकडाला भोकच नाही, वारा येणार कुठून? लाकडावर कुंकू सांडलं होतं.

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “नीट तपासलंस? मग तसंच लिही. तपासलं, कळलं नाही.”

म्हणून लिहिलं. उजवी बाजू कोरी आहे. ऑर्गन अजून आमच्याच हॉलमध्ये आहे, हार घातलेला, मुका. ब्लोअर जोडू द्या, मार्गरेटला एकदा इथेच वाजवू द्या, असं मी दर मीटिंगला म्हणतो. काका म्हणतात, त्याला हात लावायचा नाही.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला होता. डाव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत म्हणाली.