तिसऱ्या पक्षाचा विमा

घाटनांदूरच्या रहीम शेखला जन्मात एकच गोष्ट नको होती, ती म्हणजे कुणाचा तरी माणूस होणं. आता बीड जिल्ह्यात राहून असली हौस बाळगायची म्हणजे दगडावर हरभरा पेरायचा. इथं माणूस नवा दिसला की पहिला सवाल, "हा कोणाचा?" नाव मागून विचारतात, गाव त्याच्याही मागून.

पण रहीमची हौस उगीच नव्हती. सहकारी सूतगिरणीत तो फिटर होता, एका संचालकाच्या शब्दावर चिकटलेला. काम चोख. मशीनच्या आवाजावरून बेअरिंग कुठलं गेलं ते सांगायचा. पुढं निवडणुकीत त्या संचालकाचं पॅनल आपटलं, आणि त्याच्या शब्दावर लागलेली सगळी माणसं झाडून गेटाबाहेर निघाली. रहीमनं नव्या चेअरमनला हात जोडून विचारलं, "साहेब, माझी चूक काय?" चेअरमन म्हणाले, "चूक कशाची? तू त्यांचा माणूस." बस. तिथून घरी येताना रहीमनं मनाशी गाठ मारली, की यापुढं मी आणि माझं मशीन. नेता ना फेता.

गाड्या धुवायचं सेंटर टाकायचं त्यानं ठरवलं. त्या साली पाऊस बरा झाला होता, बोअरला पाणी होतं, आणि अंबाजोगाईच्या रस्त्यावर जीपगाड्यांची रांग कधी तुटत नव्हती. फिटरचा हात, त्यामुळं सामान त्यानं पारखून आणलं. दुकानदार मोठ्यातला मोठा पंप गळ्यात मारायला बघत होता. रहीम म्हणाला, "न्हाई बाबा. मोठा पंप लई पाणी पितो, आन् बारक्यानं ट्रॅक्टरचा चिखल हलत न्हाई. मला मधला दे." पंपाला शोभेल तेवढीच मोटार घेतली, जाड रबरी पाइप घेतला, पितळी गन घेतली आणि गनला लावायची दोन तोंडं घेतली. एक पंख्यागत पाणी पसरवणारं, रंगीत पत्र्यासाठी. दुसरं सुईगत बारीक धार मारणारं, ते ट्रॉलीच्या आणि जेसीबीच्या वाळलेल्या चिखलासाठी. सुईचं तोंड कारच्या रंगावर कधी धरायचं नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. धुतलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून मागं खड्डे खणले, गाळ खाली बसला की वरचं पाणी पुन्हा ट्रॅक्टरला वापरायचं. मोटारीला अर्थिंग तर अशी पक्की केली, की वायरमननंसुद्धा मान डोलवली.

मग राहिला विमा. तोही रहीमनं काढला, हे महत्त्वाचं. पुष्कळजण काढत नाहीत. विम्याचं काम करणारा शहादेव त्याच्याच वर्गातला. सोसायटीच्या निवडणुकीचे भोंगे गावातून फिरत होते, त्या गडबडीत तो आला. छापील कागदावरून भराभर वाचत गेला, "आग, चोरी, मोटार जळणं, आणि तृतीय पक्ष दायित्व. सगळं घ्यायचं ना?"

रहीमनं कान टवकारले. "तृतीय काय?"

"तृतीय पक्ष. तिसरा पक्ष."

"ए बाबा, पाया पडतो तुझ्या!" रहीम हात जोडून म्हणाला. "हितं दोन पक्षांनी जीव नको केलाय. भगवानराव आण्णा म्हणतात माझ्या पॅनलला ये, सुंदरराव काका म्हणतात माझ्या. आन् तू आता तिसरा काढलास? मला कुठल्याच पक्षात घालू नको बे."

शहादेव खो खो हसला. त्याला वाटलं, गडी हप्ता वाचवायला थट्टा करतोय. त्यानं त्या ओळीवर काट मारली, चहा पिला आणि गेला.

पुढच्या पाच वर्षांत विम्याचा हप्ता रहीम दरसाल भरत गेला, आणि शेवटचे दोन पावसाळे कोरडे गेले. पण पाण्याच्या टंचाईतही रहीमचं बरं चाललं होतं. भगवानराव सोसायटीचे चेअरमन, त्यांची जीप यायची. सुंदरराव विरोधातले, त्यांचीही यायची. सुंदररावकाका दगडावर बसून रहीमच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायचे. रहीम दोघांना सारखाच चहा पाजायचा आणि दोघांच्या गाडीला सारखाच फेस लावायचा. रात्री तो बायकोला, रुकसानाला, म्हणायचा, "बघ, मी कुणाचाच न्हाई. गाडीचा हाय."

सोसायटीची पुढची निवडणूक भगवानरावांनी पुन्हा जिंकली. हलगी, फटाके, गुलाल. नवी पांढरी जीप गुलालानं लालभडक करून ती सगळी मिरवणूक रहीमच्या सेंटरात घुसली. रहीम नुकताच जेसीबी धुऊन उठला होता. "धू लवकर! आण्णाला बीडला जायचंय!" चहूकडून ओरडा चाललेला, हलगी कानाशी वाजत होती, कुणीतरी त्याच्या हातात गन कोंबली. आणि ज्या माणसानं जगाला शहाणपण शिकवलं, तो गनचं तोंड बदलायला विसरला.

सुईची धार बॉनेटवर बसली. गुलाल निघाला. गुलालाबरोबर रंगही निघाला. एका ओरखड्यातून धार आत शिरली आणि पांढरा पापुद्रा टराटरा सोलत काचेपर्यंत गेला. खालचा काळा पत्रा उघडा पडला. हलगी थांबली. रहीमला पंप बंद करायचंही सुचेना.

"आण्णा, भरून देतो," तो कसाबसा बोलला. "माझा विमा हाय."

"बघ मग," भगवानराव शांतपणे म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

रहीम तसाच ओल्या कपड्यांनी शहादेवच्या दारात गेला. शहादेवनं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "अरे येड्या, तुझी मोटार जळाली असती तर मिळालं असतं. पंप चोरीला गेला असता तर मिळालं असतं. दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान तृतीय पक्षात येतंय, ते तूच काटायला लावलंस."

"तृतीय पक्ष म्हंजी?"

"म्हंजी थर्ड पार्टी!"

रहीम खाली बसला. थर्ड पार्टी त्याला ठाऊक होतं. गाड्यांत हयात गेलेला माणूस तो. "मग थर्ड पार्टी म्हणायचं ना बे!" तो ओरडला. "मराठीत कशाला बोललास माझ्याशी?" शहादेवनं कागद पुढं सरकवला. कागदावर तसं छापलं होतं.

संध्याकाळी रहीम भगवानरावांच्या ओसरीवर गेला. पंप विकून गाडी रंगवून देतो, असं बोलायचं त्यानं ठरवलं होतं. भगवानरावांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. शेजारी बसवलं, चहा मागवला. "गाडी कुणाची? आपली. धुणारा कुणाचा? आपलाच. घरातल्या घरात कसली रं भरपाई?" असं म्हणून त्यांनी ताटातला चिमूटभर गुलाल उचलला आणि रहीमच्या कपाळाला लावला. ओसरीवरची माणसं 'वा आण्णा, मन हाय बघा!' म्हणाली. रहीमला मात्र शिव्या खाव्याशा वाटत होत्या. शिवी देऊन माणूस मोकळा होतो आणि खाणाराही मोकळा होतो. माफीतून सुटायची वाट त्याला कुठं दिसेना.

घरी रुकसानानं कपाळाकडं बघितलं. "ये क्या जी?"

"माफ केलं त्यांनी," रहीम म्हणाला आणि तोंड धुवायला गेला. पण त्या दिवशी नळ आला नव्हता.

मग हळूहळू सुरू झालं. आधी भगवानरावांच्या पोरांनी सेंटरातल्या लिंबाखाली बाज आणून टाकली. दिवसभर तिथंच पत्ते, तिथंच चहा. मग बोअर आटला. रहीम मनातून सुटल्यासारखा झाला, म्हणाला, आता सेंटर बंद करू, पुण्याला जाऊ, कुठल्यातरी शोरूमात गाड्या धुऊ. दुसऱ्या सकाळी दारात टँकर उभा. भगवानरावांच्या विहिरीवरचा. "आण्णांनी सांगितलंय, आपलं सेंटर बंद पडता कामा न्हाई."

समोरच्या वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन उभ्या राहिल्या आणि रहीमच्या टाकीत पडणारं पाणी बघत बसल्या. रहीमनं ड्रायव्हरला विनवलं, आधी त्यांना दे. ड्रायव्हर म्हणाला, "मला जिथं सांगितलंय तिथंच ओततो." रुकसाना सरकारी टँकरच्या रांगेत गेली, तर वस्तीवरच्या बायडाबाईनं तिची घागर उचलून मागं ठेवली. "तुमाला काय कमी गं? तुमच्या हितं जीपा आंघोळी करतेत." रुकसाना रिकामी घागर घेऊन आली आणि चुलीपुढं रडली. रहीमला ते ऐकू येत होतं. नको म्हणावं तर उपकार विसरला, घ्यावं तर गावाचा तळतळाट. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्ही भगवानरावांचीच!

एका दुपारी सुंदररावकाकांची जीप आली. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच. काका स्वतः उतरले. थकलेले दिसत होते. "रहीम, उद्या पोरीचं लगीन हाय. नवरी ह्याच गाडीत जायचीय. लई धूळ बसलीय बघ. थोडक्या पाण्यात उरक."

बाजेवरचे पत्ते थांबले. पाचसहा जण रहीमकडं बघायला लागले. मागं टँकर टाकीत पाणी सोडत होता, त्याचा धो धो आवाज सगळ्या सेंटरात भरला होता.

रहीमच्या हातात गन होती. पंख्याचं तोंड लावलेलं होतं. गनचा घोडा दाबायचा तेवढाच उशीर होता. या पोरीला त्यानं परकरात असल्यापासून बघितलं होतं. त्यानं एकवार टाकीकडं बघितलं, एकवार बाजेकडं.

"काका," तो म्हणाला, "पाणी न्हाई."

सुंदररावांनी टँकरकडं बघितलं. मग रहीमकडं. "बरं बाबा," ते म्हणाले. "न्हाई तर न्हाई. आईला बरं हाय ना तुझ्या?" उत्तराची वाट न बघता ते गाडीत बसले. तशीच धुळकट जीप वळवून रस्त्याला लागले.

बाजेवर हशा पिकला. एकानं मांडीवर थाप मारली. "शाब्बास रे रहीम! ह्याला म्हणतेत आपला माणूस!"

रहीमही हसला. सगळे त्याच्याकडंच बघत होते, आणि न हसून त्यानं जायचं कुठं होतं?