फळ्यावर न मांडलेली दलाली

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्ही आपले वाटता — म्हणून.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही जळगावात, पिंप्राळ्यात राहायचो. कॉलेजात मी कॉमर्स शिकवायचो, आणि संध्याकाळी ओट्यावर फळा टांगून शेजाऱ्यांना शेअरबाजार. काय दिवस होते हो! दारात स्कुटरी लागायच्या, केळीचे वेफर्स फिरायचे, आणि मी खडूनं लुटुपुटीची खरेदी-विक्री करायचो — आज हे घ्या, परवा ते विका. पेपरातला भाव धरायचा, झालं. फळ्यावरचा नफा नुसता फुगत जायचा. "सर, मानलं तुम्हाला!" खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली होती.

एकदा एकटा असताना मी फळ्यावरच्या त्या हिशोबात दलाली धरून बघितली. पाच-दहा शेअर विकायला गेलं तर दलाल पेपरातला भाव देतो होय? फुटकळ म्हणून पाडूनच मागायचा. त्यात माझी सारखी अदलाबदल. सगळं वजा केलं — नफा गायब! त्यापेक्षा पोस्टात ठेवलेले बरे. मी फळा पुसून टाकला.

अक्का माझी थोरली चुलतबहीण. दोंडाईच्याला नर्स, एकटीच. आमच्या शेजारी दोन खोल्या घ्यायच्या म्हणून पैसे साठवत होती. एका रविवारी ती आमच्याकडे आली होती, तेव्हा ओट्यावर तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊ, यामा दलाली धरेल शे ना? माले भ्याव वाटस."

काय अवघड होतं खरं सांगायला? पण एवढी माणसं बसलेली — मी म्हणालो, "हो अक्का, सगळं धरलंय. घाबरतेस काय!"

तिनं होतं नव्हतं ते लावलं. मी सांगेन तसं घेत-विकत राहिली. दलालीत पैसे झिजत होते, भाव जरा हलला की तिची झोप उडत होती. मग बाजार पडला. तिनं घाबरून सगळं विकलं. आणि मी सुटलो — हो, सुटलोच — कारण जो तो बाजारालाच शिव्या घालत होता.

खोल्या राहिल्याच. अक्का दोंडाईच्याला भाड्याच्या घरातच म्हातारी झाली. आणि मला त्या ओट्यावरच्या संध्याकाळी अजून गोड लागतात. लाज वाटते, तरी लागतात.

यंदा भाऊबीजेला ओवाळताना ती माझ्या नातवंडांना सांगत होती, "भाऊना हिशोब बराबर व्हता. मीच भित्री शे."

मी ताटात ओवाळणी टाकली, तिच्या पाया पडलो.