आधी माल, मग पाटी

गजानन गेल्याचा फोन मला चिखलीच्या बसस्टँडवर आला. त्याला आता काही आठवडे झाले. शोकसभेत एका वक्त्याने त्याला ‘संगणकमहर्षी’ करून टाकले, तर दुसऱ्याच्या बोलण्यावरून इंटरनेट अमडापुरातूनच निघाले असावे असे वाटले... गजानन असता तर हळूच उठून चहाला गेला असता. त्याचे काम खरोखर मोठे होते, फक्त ते यांतले नव्हते.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. पुण्यातल्या नोकरीत किडन्यांनी दगा दिला, तेव्हा तो अमडापूरला परतला आणि घरूनच काम करू लागला. कोणती फाइल डिस्कवर कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेचे, म्हणजे फाइल सिस्टिमचे, ते काम. मी मराठीचा मास्तर, म्हणून मला समजावताना तो बाजार समितीच्या गोदामांवर यायचा. नव्या फाइलला जागा देणे म्हणजे व्यापाऱ्याला गोदाम देणे. त्याचा माल तोवर बाहेर ट्रकमध्ये उभा असतो. त्या ट्रकला हे लोक बफर म्हणतात. गोदामात मात्र आधीच्याची पोती तशीच असतात, कारण फाइल पुसली म्हणजे नुसती तिची पाटी काढतात. गजाननच्या कंपनीची सिस्टिम जागा देताक्षणी नव्याची पाटी लावून मोकळी व्हायची, माल मागाहून यायचा. तेवढ्यात वीज गेली की ट्रक गायब. पाटी नव्याची, पोती जुन्याची.

पुण्यात हे कोणाला दिसले नव्हते, तिथे प्रत्येक मशीनखाली बॅटरी होती. गजाननने चाचणीचे मशीन मुद्दाम बॅटरीशिवाय, थेट गावच्या विजेच्या लाइनीवर ठेवले. वीज गेली, आली, आणि नव्या फाइलमध्ये पुसलेल्या फाइलचे तुकडे निघाले.

पुण्यातल्या त्याच्या साहेबांनी व्हिडिओ मीटिंगमध्ये हसून सांगितले, की हा दोष सिस्टिमचा नाही, तुमच्या गावच्या विजेचा आहे. पुढे तोडगा निघाला: गजानन सुचवतो ती दुरुस्ती सिस्टिममध्ये घेऊ, पण बंद ठेवू, ज्याला हवी तो चालू करील. मान्य नसेल तर दुसरी नोकरी पाहावी, असेही गोड शब्दांत सुचवले. डायलिसिस नोकरीच्या विम्यावर चालले होते. मी त्या दिवशी तिथेच होतो. वंदनावहिनींनी मीटिंग संपेपर्यंत दम धरला.

“हो म्हना ना त्याइले. नोकरी गेली त डायलिसिसचं कसं?”

“तिथंच त जातो ना मी,” गजानन म्हणाला. “उद्या तिथल्या कॉम्प्युटरात माह्या फाइलीत दुसऱ्याचा रिपोर्ट निंगाला अन् डॉक्टरनं तोच वाचला त?” मग माझ्याकडे वळून, “गोदाम रिकामं करून देनं हे का गिऱ्हाइकानं मांगाची गोष्ट हाय बे?”

त्याने होकार दिला नाही. कामाचा क्रम मात्र पुन्हा लिहून काढला. जागा दिली की ‘माल यायचा आहे’ एवढीच खूण, पाटी सगळ्यात शेवटी. मध्ये वीज गेली तर गोदाम रिकामे दिसेल, दुसऱ्याचे उघडे पडणार नाही. मग साहेबांना विनंती केली, की तुमच्याच मशीनवर जुनी सिस्टिम चालवा, नवी फाइल करा आणि बॅटरीतून प्लग उपटा. साहेबांनी थट्टेत उपटला. नव्या फाइलमध्ये साहेबांचीच पुसलेली कसलीशी फाइल निघाली. कसली, ते गजाननने मलाही सांगितले नाही. पुसलेले पुसलेलेच राहावे यासाठीच तर त्याचे भांडण होते. दुरुस्ती घेतली गेली, तीही बंद करायचे बटण न ठेवता. नोकरी शेवटपर्यंत टिकली.

परवा गजाननचे काही कागद आणायला वहिनींसोबत त्याच्या डायलिसिस सेंटरला गेलो. सुलतानपूरचे एक आजोबा नुकतेच मोकळे झाले होते. पुढचा पेशंट दारात उभा होता. आजोबांनी त्याला हाताने थांबवले, स्वतःची चादर काढली, उशी झटकली, बेड पुसला. नर्स म्हणाली, राहू द्या, मी करते.

“गजाननभाऊची रीत हाय, बाई,” आजोबा म्हणाले. मग दाराकडे वळून त्यांनी हाक दिली, “या आता.”