बियाण्याच्या डब्यातली वस्तू

भालकीच्या काही दुकानदारांनी अलीकडे एक स्मरणिका काढली. बसस्टँडाजवळच्या जुन्या दुकानांवर तीत एक लेख आहे आणि त्या लेखात माझ्या औषधांच्या दुकानावर अडीच ओळी आहेत. लिहिणारे गृहस्थ बावीस वर्षे माझ्या शेजारी कापड विकत होते. ते लिहितात की या मेडिकलमधून बायकांना चोरून घाणेरडी यंत्रे विकली जात, त्यावरून एकदा मालकाला भरबाजारात मार बसला आणि त्याने हात जोडून माफी मागितली. अडीच ओळींत तीन असत्ये! कापडही हे गृहस्थ असेच देत. वाराला चार बोटे आखडून.

मी तेव्हा गप्प राहिलो, कारण बोललो असतो तर एका बाईचा संसार मोडला असता. आता तिचाच निरोप आला आहे. ‘अण्णाला म्हणावं लिवा, माझं आन् गावाचं नाव तेवढं घालू नका.’ म्हणून लिहितो. नावे कोणाचीच घालणार नाही. कापडवाल्यांचेही नाही, जरी ते त्या सवलतीला पात्र नाहीत.

निरोध मी विकले. पुढे पाण्यात विरघळणारी जेलीही ठेवू लागलो. त्याची मला लाज नाही. यंत्र मात्र आयुष्यात एकही विकले नाही.

आमच्या भागातले तरुण तेव्हा सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबच्या फळ्या ठोकायच्या कामासाठी हैदराबादला जाऊ लागले होते. मोबाइल एखाद्याच्याच खिशात असे. बाकीचे एसटीडी बूथवर रांग लावत. ही बाई जवळच्या खेड्यातल्या अशाच एका सेंट्रिंगवाल्याची बायको. वय तिशीचे, दोन मुले. नवरा दोन-तीन महिन्यांनी चार दिवसांसाठी येई. घरात सासू, मोठा दीर, जाऊ आणि त्यांची मुले, दीड खोलीत सगळे. दुपारी मी जेवायला आत जात असे तेव्हा माझी पत्नी गल्ल्यावर बसे. बायका आपली दुखणी घेऊन त्याच वेळी येत आणि तिला अक्का म्हणत.

मृग निघायला, म्हणजे पेरणीला, आठेक दिवस होते. ती आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “अक्का, लई आग व्हायलीय. मलम द्या एखादं.”

मी आतून ऐकले, बाहेर आलो आणि सवयीने खाजेच्या ट्यूबकडे हात नेला. पत्नी खेकसली, “थांबा वो! कुठं आग, कशानं आग, काय इचारल्याबिगर ट्यूब द्यायलाव?” आणि तिला कपाटामागे घेऊन गेली. त्या लाकडी कपाटामागचे बोलणे मला ऐकू येत होते. मी कान झाकले नाहीत, हेही कबूल करतो.

नवऱ्याने हैदराबादहून एक वस्तू आणली होती. मऊ रबराची, हाताएवढीही नाही, सेलवर थरथरणारी. ‘मी नसतो तवा तुला,’ असे म्हणून त्याने ती दिली होती. तिने हे सांगितले आणि रडू लागली. देवानेच शिक्षा केली, असे तिचे म्हणणे.

“देवाला दुसरी कामं न्हाईत का गं?” पत्नी म्हणाली. “नवऱ्यानं बायकोला दिलं, त्यात पाप कसलं? धुतीस का?”

“व्हय अक्का. साबनानं. झाल्यावर दर येळी.”

“आन् आधी?”

“आधी कामून? धुऊनच तर ठिवतो.”

“ठिवतीस कुठं?”

 ती म्हणाली, “तुरीच्या बियाण्याच्या डब्यात.”

ज्याने आमच्याकडचे घर पाहिलेले नाही त्याला हे चमत्कारिक वाटेल. मला वाटले नाही. दीड खोलीत आठ माणसे. ट्रंकेची किल्ली सासूच्या कमरेला, अंथरुणे सामाईक, पिठाच्या डब्यात जावेचा हात. एका बियाण्याच्या डब्याला मात्र मृग निघेपर्यंत कोणी शिवत नाही, कारण किडीची पावडर चोळून ते पत्र्याच्या डब्यात बंद केलेले असते. मुले त्याच्या आसपास फिरकली तरी मार बसतो. घरात सर्वांत सुरक्षित जागा तिने शोधली होती, आणि तीच विषारी होती. ओली वस्तू जुन्या चोळीच्या फडक्यात गुंडाळून ती त्या पावडरीत पुरून ठेवी, आणि पुन्हा काढली की तशीच वापरी.

पत्नीने तिला जे सांगितले ते मी जवळजवळ शब्दशः देतो, कारण तीस वर्षे औषधे विकूनही ते मी कोणाला सांगितले नव्हते. “ती वस्तू आता टाकून दे. रबरानं इख पिलंय, ते कितीबी धू, निघत न्हाई. पुढं दुसरी आली तर वापरायच्या आधी आन् नंतर, दोन्ही येळी कोमट पाण्यानं, साध्या साबनानं धुवायची. डेटॉल न्हाई, फिनेल न्हाई. सेल काढायचे, पुसून पार कोरडी करायची, स्वच्छ कपड्याच्या पिशवीत ठिवायची. वरनं निरोध चढवला तर अजून बरं, दर येळी नवा. नवरा-बायको दोघांनी वापरायची तर मधी निरोध बदलायचा. कोरडं वाटलं तर पाण्याची जेली घे. खोबरेल लावू नको, तेलानं निरोध फाटतो. आन् दुखलं, आग झाली, की तिथंच थांबायचं. सोसायचं न्हाई. आपल्या बायकांना सोसायची लई हौस.”

मग ती बाहेर आली आणि मला म्हणाली, “हिला घेऊन मी बिदरला जायलीय. बाईडॉक्टरला दाखवायला पाहिजे. गल्ला सांभाळा.”

मी पुटपुटलो की चांगल्या घरच्या बाईला असल्या गोष्टी कशाला हव्यात. पत्नीने पदर खोचला. “चांगल्या घरच्या बाप्यांना निरोध कागदात गुंडाळून तुमीच द्यायलाव ना? तवा घर इचारलंत का कुणाचं?” मी गल्ल्यावर जाऊन बसलो.

तिच्या घरी निरोप धाडून त्या दोघी एकच्या गाडीने गेल्या. दुपारी आभाळ भरून आले. दिराला वाटले की या वर्षी पाऊस लवकर येणार, बियाणे एकदा चाळून ठेवावे. त्याने डबा उघडला.

तीनच्या सुमारास तो माझ्या दुकानात आला. चार गिऱ्हाईके उभी होती. पेरणीच्या झोळीतून ती वस्तू काढून त्याने काचेवर आपटली. पावडरीचा पांढरा डाग काचेवर उमटला.

“ह्ये कुणी दिलं हिला? आई म्हन्ती, ती तुमच्या बायकोसंगं गेलीय. बूथवरनं मुकादमाच्या मोबाइलवर भावाला फोन लावलो. त्यो म्हन्तो, मला काय बी ठावं न्हाई. मग कुणी दिलं?”

वाचकांनी हा प्रश्न नीट ऐकावा. तो वस्तूबद्दल नव्हताच. कोणता पुरुष, असे तो विचारत होता. नवऱ्याने ज्या क्षणी ‘ठावं न्हाई’ म्हटले, त्या क्षणी त्याच्या बायकोला दुसरा पुरुष चिकटवला गेला होता. हौसेने, प्रेमाने वस्तू आणणारा माणूस पहिल्याच प्रश्नाला बायकोला दारात सोडून पळाला! माझा संताप त्या दिराहून त्या नवऱ्यावर अधिक होता, आणि आजही आहे. संध्याकाळच्या गाडीने ती परतणार होती. तोवर उत्तर मिळाले नसते तर तिच्यासाठी त्या घराचे दार उघडले नसते.

मी म्हणालो, “मी दिलं.”

“तुमी?”

“व्हय, मी. पाठीच्या दुखण्याचं मशीन आहे. सेलवर चालतं. तिची पाठ दुखायली म्हणून माझ्या बायकोनं द्यायला लावलं. तुला पाहिजे का?”

एक गिऱ्हाईक हसले. तेवढ्याने त्याचा तोल गेला. काउंटरवरून हात घालून त्याने माझी गळपट्टी धरली. “आमच्या घरच्या बाईला आमाला न इचारता असलं देतावं?”

“देतो. आणि पुढेही देईन. औषध घ्यायला दिराची चिठ्ठी लागत नाही. हात काढ.”

त्याने मला हिसडा दिला. चष्मा पडून फुटला. थप्पड बसली नाही, लाथ बसली नाही. फक्त चष्मा. मी खाली वाकलो, त्याचे दोन तुकडे दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरले आणि उभा राहिलो. कापडवाले आपल्या पायरीवर उभे होते. त्यांना ते हात जोडल्यासारखे दिसले असणार. इतकी वर्षे शेजारी राहून त्यांनी मला कधी हात जोडताना पाहिले नव्हते; म्हणून पहिल्यांदा तसे काही दिसताच आनंदाने लक्षात ठेवले.

दीर गेला. मशीन म्हणजे मशीन, हे त्याच्या कामापुरते पुरले. संध्याकाळी पत्नी त्या बाईला तिच्या दारापर्यंत सोडून आली. दार उघडे होते; सासूने मात्र तोंड फिरवले. डॉक्टरीणबाईंनी औषध दिले होते, आठवडाभरात बरे होईल म्हणाल्या होत्या, आणि ती वस्तू टाकायलाच हवी हेही सांगितले होते. पत्नीने माझा तुटका चष्मा पाहिला, सगळे ऐकले आणि आधी पोट धरून हसली. “तुमी, आन् ते मशीन विकलंत!” मग एकदम थांबून म्हणाली, “त्या हैदराबादच्या गड्याला यिऊ द्या.”

पुढचे दोन महिने दुपारी दुकानात बायका आल्या नाहीत. गावात माझे जे नाव पडले ते इथे लिहिण्यासारखे नाही. कापडवाल्यांनी मला सल्ला दिला की मंदिरात नारळ फोडून विषय संपवावा. मी म्हटले, नारळ तुम्ही फोडा, जीभ तुमची सैल झाली आहे. खरे एका वाक्यात सांगता आले असते, आणि ते वाक्य रोज माझ्या जिभेवर येत असे. मी गिळले. यात मोठेपणा नाही. पण याला कोणी माफी म्हणू नये.

पाऊस उलट लांबला, नवरा महिन्याने पेरणीला आला तो दबकत दुकानाशी पोहोचला. पत्नी गल्ल्यावरच होती.

“यावं जावाई. हैदराबादच्या दुकानात मागताना तोंड उघडलं व्हतं ना? मग फोनवर काय झालं त्याला?”

“मोठ्या भावापुढं कसं बोलायचं अक्का? लाजच वाटली.”

“तुला लाज वाटली, आन् तिनं काय करायचं? हिरीत जायचं?”

तो माझ्याकडे वळला. म्हणाला, “अण्णा, तुमच्यामुळं वाचलो.”

“तू नाही, ती वाचली,” मी म्हणालो. “तू अजून वाचायचा आहेस. घरी जाऊन आईसमोर, भावासमोर सांग, मी आणलं होतं म्हणून. ते होईपर्यंत माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस.”

“आन् दुसरं आणू का नको?” हे विचारायला मात्र त्याला लाज वाटली नाही!

“मला कशाला विचारतोस? तिला विचार. ती व्हय म्हणाली तर आण, पण वस्तूच्या खोक्यावर काय लिहिलंय ते दुकानदाराकडून वाचून घे. आणि त्याच्यासाठी कुलपाची पेटी घे. किल्ली तिच्याकडे.”

पुढचे पत्नीला त्या बाईनेच सांगितले. तो घरी गेला, पण उंबऱ्याच्या आत आला नाही. चपला पायात ठेवूनच, जणू कधीही पळता यावे म्हणून, त्याने एका दमात सांगितले की ती वस्तू मीच आणली होती, मेडिकलवाल्याचा काही संबंध नाही, फोनवर खोटे बोललो. दीर उठला आणि शेताकडे चालता झाला. माझ्या दुकानात येऊन ‘चुकलो’ म्हणावे हे त्याला कधीच सुचले नाही, आणि बाजारात हे सांगणे तर दूरच. त्यामुळे कापडवाल्यांपर्यंत खरे पोहोचलेच नाही. पोहोचले असते तरी त्यांनी अडीच ओळींत ते बसवले नसते.

सासू जात्यापाशी बसली होती. सून भिंतीला टेकून उभी होती, आता काय होते म्हणून. म्हातारीने जाते थांबवले.

“मग फोनवर कामून न्हाई बोललास, मुडद्या?” ती म्हणाली. “महिनाभर हिच्या हातचं पाणी पिलो न्हाई मी.”

आणि सुनेकडे वळून तिने रिकामा तांब्या पुढे केला.